डॉक्टर चुडामण पाटलांची तूर

उंबरद्याचा चुडामण पाटील लहानपणापासून हुशार होता, हे त्याचे वैरीसुद्धा नाकारणार नाहीत. पण त्या हुशारीची हवा त्याच्या डोक्यात इतक्या लवकर गेली की बाकी कशाला तिथे जागाच उरली नाही. तापीच्या काठावर, काळ्याभोर जमिनीच्या खातेदार पाटलाच्या घरात धाकटा मुलगा म्हणून तो जन्मला. आई लवकर गेली. थोरला भाऊ पितांबर शाळा सोडून औताला लागला, आणि पितांबरची बायको कौसाबाई हिनं या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्यानं ताटावर बसावं आणि तिनं वाढावं, त्यानं उठावं आणि तिनं ताट उचलावं, एवढाच त्या दोघांचा व्यवहार होता. घरातल्या मागच्या खोलीत कोठ्या आहेत, त्यांत धान्य असतं आणि ते तिथे आपोआप चांगलं राहत नाही, हे समजण्याची वेळ चुडामणवर कधी आली नाही.

नंदुरबारला बोर्डिंगात राहून तो मॅट्रिक झाला, धुळ्याला गेला, तिथून पुण्याला. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात एम.एस्सी. झाला तेव्हा पितांबरनं गावभर पेढे वाटले. पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली आणि शेजारच्याच गावच्या निर्मलाबाईशी त्याचं लग्न झालं. मग छप्पन साली शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला आणि तीन वर्षांनी प्रथिनांवर प्रबंध लिहून डॉक्टर होऊन परतला. डॉक्टर म्हटल्यावर गावातल्या भिला नावाच्या गड्यानं ताप दाखवायला हात पुढे केला, तर चुडामण तीन पावलं मागे सरकला.

त्यानंतर तो उंबरद्याला आला की पाहुण्यासारखा यायचा. उकळलेलं पाणी मागायचा. खाटेवर बसण्याआधी रुमाल अंथरायचा. अहिराणी तर त्यानं अशी टाकली होती की जणू ती कधी बोललाच नव्हता. भाऊ म्हणायचा, "कवळ उना रे?" आणि हा पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचा, "सकाळच्या गाडीने आलो." पितांबरला त्याचंही कौतुक. धाकटा एवढा शिकला की आपली बोली विसरला, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा. विसरण्यात काय मोठेपण असतं ते त्या भोळ्या माणसालाच ठाऊक.

आता तुरीचं.

दरवर्षी घरून पुण्याला तुरीचं पोतं जायचं. पुण्यात घरमालकाची तूर पावसाळ्यात भोकाभोकांची होऊन जायची, डब्यातून किडे चालत बाहेर यायचे. चुडामणच्या पोत्यातली तूर मात्र वर्ष उलटलं तरी टणक आणि चकचकीत. एकदा घरमालकानं ती हातात घेऊन विचारलं, "पाटील, तुमच्या तुरीला कीड कशी लागत नाही हो?" चुडामणच्या डोक्यात तिथेच वीज चमकली. तापीकाठच्या तुरीत असं काहीतरी प्रथिन असणार की ज्यानं कीड मरते. ते शोधून काढलं तर जगभर नाव.

शास्त्रज्ञानं आधी चौकशी करावी, तशी त्यानं केली. भावाला विचारलं. पितांबर म्हणाला, "आपली तापीकाठनी जमीनच तशी शे. दुसरं काय?" पितांबरला तरी काय माहीत असणार? तूर खळ्यावरून घरात आणून टाकली की पुरुषाचं काम संपलं. निर्मलाबाई बाजूला तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, पण तूर घरात आल्यावर बायका..." त्यावर डॉक्टरसाहेबांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघरात ठेव, म्हणाले. ती पुन्हा कधी बोलली नाही. नवऱ्यानं असं एकदा सुनावलं की शहाणी बाई आपलं शहाणपण गिळून टाकते, आणि नवऱ्याला वाटतं की तिच्याकडे ते नव्हतंच.

कौसाबाईला विचारायचं तर त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

आणि कौसाबाई काय करायची? तापीकाठची प्रत्येक बाई करते तेच. चैत्राच्या उन्हात तूर वाळली की एरंडीचं तेल तळहाताला घ्यायचं, दोन्ही हातांनी दाणान्‌दाणा चोळायचा, पुन्हा एक ऊन द्यायचं आणि कोठीत भरायचं. तेल लागलेल्या दाण्यावर किड्याला अंडी घालता येत नाहीत. दिराच्या पोत्याला तर ती दुप्पट माया करायची. परक्या गावी जाणार म्हणून चांगलं दोनदा तेल चोळायची.

ही अशी तेलानं माखलेली तूर घेऊन चुडामण पाच वर्षं झटला. भरडायची, इथरनं तिच्यातली चरबी धुऊन काढायची, उरलेल्या चोथ्यातून प्रथिनं सोडवायची, त्यांचे बारके तुकडे करून कागदावर डाग पाडायचे आणि डाग मोजत बसायचं. तुलनेसाठी बाजारातली तूर. बाजारच्या तुरीत जे दिसत नव्हतं असं काहीतरी उंबरद्याच्या तुरीत दिसायचं, पण काय ते कळेना. चरबी धुतली तरी थोडी प्रथिनाला चिकटून राहतेच, हे रसायनाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. चुडामण पहिल्या वर्षाच्या फार पुढे निघून गेला होता.

चौसष्ट साली प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर आला. परदेशातून, पेट्यांमध्ये, मंत्र्यांच्या हस्ते उद्‌घाटन होऊन. पदार्थाची वाफ करायची, तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून तुकडे पाडायचे, चुंबकातून नेऊन ते तुकडे वजनावारी वेगळे करायचे, असं ते यंत्र. शेवटी कागदावर उभ्या रेघा उमटतात आणि जशी रेघ तसं त्या तुकड्याचं वजन. अख्ख्या प्रथिनाची वाफ होत नाही, ते जळून कोळसा होतं. म्हणून त्याचे चिमुकले तुकडेच त्यात घालता येतात, आणि तेव्हा तेवढं करणारेही जगात थोडेच होते. चुडामण त्यांतला एक झाला. हाताला कसब होतं, ते नाकारून चालणार नाही. पण कसबी हातात चुकीची वस्तू असली की चूकही कसबानं होते.

रेघा उमटल्या. त्याच्या तुकड्यावर एक लांब, तेलकट आम्लाचं शेपूट होतं. त्यानं वजन जुळवून पाहिलं. ते आम्ल एरंडीच्या तेलात असतं, तेच निघालं. दुसऱ्या कोणाच्याही मनात पहिली शंका आली असती की इथे एरंडेल कुठून आलं? चुडामणनं मात्र लेखात अभिमानानं लिहिलं, की आजवर केवळ एरंडीपुरतं मानलं गेलेलं हे आम्ल निसर्गानं तापीकाठच्या तुरीलाही बहाल केलं आहे, आणि प्रथिनाला ते जोडून कीडनाशक शस्त्र घडवलं आहे. लेख विलायतेत छापून आला. छापण्याआधी ज्या थोर लोकांनी तो तपासला, त्यांनाही काही खटकलं नाही. त्यांच्याही घरी डाळ कोणीतरी बाईच भरून ठेवत असणार.

मग काय, डॉक्टर हरभऱ्याच्या झाडावर चढले. प्रयोगशाळेत प्रथिनांचा स्वतंत्र विभाग निघणार होता आणि त्याचं प्रमुखपद चुडामणला मिळणार, असं सगळे म्हणू लागले. अट एकच राहिली. विलायतेतला ज्याचा शब्द प्रमाण असा एक म्हातारा प्रोफेसर भारतात येणार होता. त्याला स्वतःच्या डोळ्यांसमोर प्रयोग झालेला पाहायचा होता. तो मान डोलावेल तर प्रमुखपद, नाहीतर आयुष्यभराचं हसं.

या धामधुमीच्या आधीच, सहासष्टच्या संक्रांतीला, उंबरद्यानं आपल्या सुपुत्राचा सत्कार केला. शाळेच्या पटांगणात मांडव, झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर. पुरुष पुढे, बायका शाळेच्या ओट्यावर पदर ओढून. पितांबरनं तापीच्या मातीबद्दल दोन शब्द सांगितले आणि त्याला रडूच आलं. मग चुडामण उठला. त्यानं आपल्या माणसांचे आभार मानायचे सोडून त्यांची झाडाझडती घेतली. तुमच्या शेतात सोनं आहे पण तुम्ही डोळे मिटून बसलात, म्हणाला. आजी-पणजीच्या अडाणी रीती अजून किती दिवस उराशी धरणार? बाहेर विज्ञान कुठे गेलं ते पाहा. नवी खतं आली, नवी औषधं आली. जुनं टाका, नवं धरा. अर्ध्या लोकांना त्याची मराठी कळली नाही, पण आपल्याला कोणीतरी मोठ्या माणसानं रागावलं याचंच त्यांना समाधान वाटलं आणि त्यांनी टाळ्या पिटल्या.

ओट्यावर बसलेल्या कौसाबाईला मात्र सगळं कळलं. दिराचा एक शब्दही ती वाया जाऊ द्यायची नाही.

त्या दिवाळीला आलेलं पोतं चुडामणनं हिवाळ्यात उघडलं. प्रोफेसर येण्याआधी एकदा हात बसवून घ्यावा म्हणून प्रयोग लावला. कागद बाहेर आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेपूट नाही. एरंडीच्या आम्लाची रेघच नाही. तिच्या जागी जोडीजोडीनं उभ्या भलत्याच रेघा, मोठीच्या शेजारी दोन अंशांवर धाकटी. ही जोडी एकाच गोष्टीची खूण असते, क्लोरीनची. तुरीत असलं क्लोरीन कुठून येणार? त्यानं यंत्र धुतलं, प्रयोग पुन्हा लावला. पुन्हा तेच. जुनी तूर सगळी भरडून संपली होती. प्रोफेसर महिन्याभरात येणार होता.

कोणी घरच्या आजारपणालाही घेत नाही इतक्या घाईनं त्यानं रजा घेतली आणि नंदुरबारची गाडी पकडली. एसटीतून उतरला तेव्हा दुपार होती. पितांबर शेतात होता. अंगणात नव्या तुरीचा ढीग पडला होता आणि कौसाबाई सुपानं पाखडत होती. दीर न कळवता आला म्हणून ती घाबरून उठली. त्यानं पाणीही घेतलं नाही. पहिल्यांदाच आयुष्यात तो तिच्याशी तुरीबद्दल बोलला.

"वहिनी, या वर्षीची तूर वेगळी होती. काय केलं होतं तिला?"

तिचा चेहरा फुलला. दिरानं ओळखलं तर. ती आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. आत पांढरी पावडर. "नंदुरबारथून आनी. बीएचसीनी पावडर. तूच तं सांगं व्हतं, जुनं सोडा म्हनीसन. आते आम्ही तेल लावतच नही."

"कसलं तेल?"

"एरंडीनं. पहिले कितला तरास व्हता, भाऊ. चैत मा बठानं नि दानादाना चोळानं. तुन्हा पोत्याले तं मी दोनदा चोळू."

चुडामण ओट्यावर बसला. रुमाल अंथरायचं राहून गेलं. कौसाबाई सांगत राहिली, की या पावडरीनं हात दुखत नाहीत, गावातल्या आणखी दोघी-तिघींनी आणली, डॉक्टरभाऊंच्या नावानं दुकानदारानं चांगली दिली. त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याला सगळं एकदम कळलं होतं, जोडरेघांतलं क्लोरीन या कीडनाशक पावडरीचं आणि आधीचं शेपूट त्या तेलाचं. कळायला वेळ लागावा इतका तो मूर्ख नव्हताच. पाच वर्षांची मेहनत, विलायतेत छापलेला लेख, निसर्गानं बहाल केलेलं शस्त्र, हे सगळं म्हणजे या बाईचे तळहात. ज्या घरात जेवून तो मोठा झाला, तिथल्या डाळीला तेल लावतात हे जगात फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

माणसाची खरी परीक्षा अशाच वेळी होते, आणि इथे तर परीक्षा सोपीही होती. समोर ढीग पडला होता, तेलही न लागलेल्या नि पावडरही न लागलेल्या, उंबरद्याच्याच कोऱ्या तुरीचा. मूठभर खिशात टाकायची, पुण्याला जाऊन यंत्रात घालायची, रेघ येत नाही हे पाहायचं आणि दोन ओळींत लिहून टाकायचं की माझी चूक झाली. नामुष्की आली असती. पण हे असं लिहिणारा शास्त्रज्ञ असतो. चुडामणनं त्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, घरात एरंडेल आहे का?"

तेल होतं. दिव्याला लागतं, बाळंतिणीला लागतं. कौसाबाई म्हणाली, ही ओली तूर आहे, आणखी दोन उन्हं दाखवल्याशिवाय तेल धरणार नाही. तो म्हणाला, आत्ताच हवी. तिनं पाटीभर तूर आतल्या खोलीत घेतली. यानं दार ओढून घेतलं. भर दुपारी डॉक्टर चुडामण पाटील, एम.एस्सी., पीएच.डी., विलायती बूट काढून शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. वहिनी म्हणाली, तुझे हात खराब होतील, मी करते. पण याला धीर कुठे होता? तेल जास्त झालं तर रेघ खोटी वाटेल, कमी झालं तर दिसणार नाही. तो तिला पुन्हा पुन्हा विचारत होता, पूर्वी एवढंच लावायचीस ना? दोनदाच ना? आणि कोपरापर्यंत तेलकट हातांनी दाणे चोळत होता. हे काम त्याच्या मानानं मोठंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो घरच्या धान्याच्या उपयोगी पडत होता, तेही लबाडीसाठी.

पोतं शिवून झालं. बाहेर पडण्याआधी तो थांबला, दाराकडे पाहून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हाई कोन्ले सांगू नको."

कित्येक वर्षांनी तो अहिराणी बोलला. पाचावर धारण बसली की माणसाला बोली बरोबर आठवते.

कौसाबाईला त्या विनवणीचा अर्थच लागेना. ती म्हणाली, "कोन्ले सांगू, भाऊ? सम्द्यासले माहीतच शे."

प्रोफेसर आला. पांढऱ्या केसांचा, वाकलेला, पण बारीक नजरेचा म्हातारा. चुडामणनं त्याच्यासमोर प्रयोग केला आणि शेपूट हजर झालं, आपल्या जागी, नेमक्या वजनावर. प्रोफेसरानं कागद उजेडात धरून पाहिला आणि चुडामणचा हात हातात घेतला. चुडामणच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इथे सुटायला हवं होतं. पण म्हाताऱ्याला खरोखरच कुतूहल होतं, आणि खरं कुतूहल असलेल्या माणसासारखा धोका नाही. तो म्हणाला, मला ती जमीन पाहायची आहे. प्रयोगशाळेच्या संचालकांनी लगेच गाडी दिली. नाही म्हणायला चुडामणजवळ एकही कारण नव्हतं.

वाटभर प्रोफेसर खिडकीतून बाहेर बघत कापसाबद्दल, केळींबद्दल विचारत होता आणि हा मनात गावातल्या बायका मोजत होता. सत्काराच्या दिवशी ओट्यावर बसलेल्या त्या सगळ्या. त्यांतल्या एकीनं तोंड उघडलं तरी संपलं.

उंबरद्याला माणसं गोळा झाली. पितांबरनं पाहुण्याला शेत दाखवलं. प्रोफेसरानं माती चिमटीत घेतली, कागदाच्या पुडीत बांधली. बायका लांबून पदराआडून पाहत होत्या आणि चुडामण त्यांच्यात नि प्रोफेसरात सारखा आपलं अंग घालत होता. मग जेवण. ओसरीवर पाट मांडले होते. खापरावरचे मांडे, वरण, भात. कौसाबाई वाढत होती. प्रोफेसर वरणाची वाटी तोंडाला लावून थांबला आणि त्यानं चुडामणला विचारलं, ही तीच तूर ना? मग या बाईंना विचारा, त्या घरात ती कशी ठेवतात? किडा खरंच लागत नाही का?

चुडामणनं विचारलं. विचारावंच लागलं, सगळे बघत होते. त्यानं प्रश्न जमेल तितका आखूड केला, की साहेब विचारतात, तुरीला कीड लागते का?

पण कौसाबाईला एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नीट सांगायचं होतं. दिरानं स्वतः तेल मागितल्यापासून तिनं पावडर बाजूला ठेवली होती. तिनं पळी खाली ठेवली. "त्यासले सांग, आम्हनी तूरले कीडा लागत नही. काबरं तं आम्ही एरंडीनं तेल चोळतस. आसं." आणि प्रोफेसराला कळावं म्हणून तिनं दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून त्याच्यासमोर घासून दाखवले.

प्रोफेसरानं त्या हातांकडे पाहिलं आणि मग चुडामणकडे. काय म्हणाल्या त्या?

तिथे प्रोफेसर सोडून अहिराणी सगळ्यांना येत होती. इंग्रजी दोघांना येत होती. दोन्ही येणारा एकटा चुडामण होता. त्यानं घास गिळला आणि इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, आम्ही अडाणी माणसं, आम्हाला यातलं काही कळत नाही. आमच्या घरी आलात म्हणून आम्ही तुम्हाला हात जोडतो."

म्हातारा गहिवरला. तो गुडघ्यांवर जोर देऊन पाटावरून उठला, कौसाबाईसमोर उभा राहिला आणि आपले दोन्ही हात जोडून तिला वाकून नमस्कार केला.

कौसाबाईनं लाजून पदर पुढे ओढला. तेल लावल्याबद्दल तिला आजवर कोणी हात जोडले नव्हते.